डाव्या हाताची ओढ

मी पतंग बोलतोय. गच्चीवरून मांजावर चढवतात तो कागदाचा नव्हे. तो माझा लांबचा धाकटा भाऊ समजा. मी समुद्रावरचा. पूर्ण उघडलो तर तुमच्या दिवाणखान्यात मावणार नाही. माझ्या पुढच्या कडेला मांडीएवढी जाड नळी असते, तिच्यात पंपाने हवा भरली की मी कमानीसारखा ताठ होतो. माझ्यापासून चार लांब दोऱ्या निघतात, एका दांडीला येऊन मिळतात, आणि ती दांडी माणसाच्या दोन्ही हातांत असते. माणसाच्या कमरेला पट्टा, दांडी त्यातही अडकवलेली; पायाखाली फळी. वारा मला ओढतो, मी माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून धावत सुटतो. काइटसर्फिंग म्हणतात याला. काठावरून पाहणाऱ्याला फार सोपं वाटतं. काठावरून सगळंच सोपं वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. ओळीने बसलेल्या बायका दिवसभर मशीनवर माझ्यासारखे पतंग शिवायच्या. त्यांच्यापैकी एकीनेही समुद्र पाहिला नसावा. पहिला मालक मिळाला तो एक तरुण. किनाऱ्यावर त्याला सगळे उडाणटप्पू म्हणत, आणि ते नाव त्याला दोन्ही अर्थांनी शोभायचं. दुमजली घराएवढ्या उंच उड्या मारायचा. दोन वर्षं त्याने मला मनसोक्त वापरलं, मग बाजारात नवा पतंग आला आणि माझी रवानगी किनाऱ्यावरच्या टपरीत झाली, गळ्यात ‘विकणे आहे’ची चिठ्ठी.

त्या टपरीतून मला घेऊन गेला तो कवळीवाला.

त्याचं वय तेव्हा एकोणपन्नास. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो त्यावरून कवळ्या बनवी. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाची चकती, बारीक सुऱ्या, घासायची मोटर. अख्ख्या गावाला दात पुरवणारा हा माणूस स्वतः मात्र तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही असा. मागच्या खोलीत त्याची बायको पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, घराच्या दाराशी, मला उभं केलं गेलं. पुढून मोटरची घरघर, मागून मशीनची खडखड. घरात जे काय बोललं जाई ते माझ्यावरूनच पुढेमागे जाई.

पहिल्या दिवशी बायको मशीन थांबवून बाहेर आली. माझ्या पिशवीकडे तिने गिऱ्हाइकाने परत आणलेल्या पडद्याकडे पाहावं तसं पाहिलं.

“अहो, हे कुठे ठेवू? कॅमेऱ्याच्या शेजारी, की बासरीच्या?”

माळ्यावर कॅमेरा होता, बासरी होती, बुद्धिबळाचा पट होता, एकदाच घातलेले पळायचे बूट होते. या सगळ्यांची सुरुवात कवळीवाल्याने मोठ्या उत्साहाने केली होती आणि महिन्या-दोन महिन्यांत ते सगळं माळ्यावर गेलं होतं. आरंभशूर, असं ती त्याला म्हणायची. रागाने नाही, चहा गार झालाय हे जसं सांगतात तसं.

“या वेळी नाही सोडणार,” तो म्हणाला.

“बरं,” म्हणून ती आत गेली.

किनाऱ्यावर शिकवायला एक मुलगी होती, तिशीतली. नाकाला पांढरं मलम आणि आवाज असा की वाऱ्याविरुद्धसुद्धा ऐकू जावा. तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिने आधी त्याला महिनाभर वाळूवरच उभं केलं. आकाश म्हणजे घड्याळ समजा, म्हणायची. डोक्यावर बारा. पतंग बारावर ठेवा, मग एकवर न्या, मग अकरावर. घाई नाही. कवळीवाला उभा राहून एक-बारा-अकरा करत बसायचा. मग ती त्याला फळीशिवाय पाण्यात घेऊन गेली. मी वर आणि तो खाली पोटावर, नाकातोंडात पाणी. पहिल्याच आठवड्यात त्याचा चष्मा समुद्राने घेतला. फळीवर उभं राहायची वेळ आली तेव्हा तर नाकी नऊ आले. उठायचा, अर्ध्या क्षणात तोंडघशी पडायचा. काठावरची पोरं दात काढायची.

आणि रोज शेवटी तो पायपीट करायचा. हे समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. नवशिका माणूस वाऱ्याबरोबर वाहत जातो. जिथून पाण्यात उतरला तिथे त्याला परत येता येत नाही. दूर कुठेतरी काठाला लागतो आणि मग पतंग पाठीवर, फळी काखेत घेऊन वाळूतून चालत परत. जो जिथून निघाला तिथेच पाण्यावरून परत आला, तो शिकला. कवळीवाल्याने तेवढंच ठरवलं होतं. उड्या नको, कसरती नको. एकदा जायचं आणि एकदा परत यायचं.

वारा असेल तो एकही दिवस त्याने चुकवला नाही. दुपारी डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायच्या आणि तसंच समुद्रावर. घरी प्लास्टर घट्ट व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात बोळात यायचा, बायकोच्या डब्यातलं इलॅस्टिक दाराच्या कडीला बांधून त्यात झाडूचा दांडा अडकवायचा, आणि डोळे मिटून एक-बारा-अकरा. बायको जाता जाता म्हणायची, दार निखळेल. पण इलॅस्टिक तिने कधी परत मागितलं नाही.

एक खोड मात्र जाईना. मी सारखा उजवीकडे कलायचो आणि पाण्यात कोसळायचो. दांडीचं उजवं टोक ओढलं की मी उजवीकडे जातो, डावं ओढलं की डावीकडे. त्याचं डावं टोक ढिलं पडायचं. मास्तरीण काठावरून ओरडायची, “काका, डावा हात. घाबरलात की डावा हात सोडता तुम्ही.”

त्याने ते मान्य केलं. जन्मभर तो स्वतःला भित्राच समजत आला होता, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही. मग तो भीतीच्या मागे लागला. खोल पाण्यात मुद्दाम गटांगळ्या खायचा, दांडी पट्ट्यातून सोडवायचा, पुन्हा अडकवायचा. लाट अंगावर येताना डोळे उघडे ठेवायला शिकला. पडल्यावर लगेच उठायचं नाही, तीन श्वास घ्यायचे, मग दांडी धरायची, हे त्याचं त्याने शोधून काढलं. पहिलं वर्ष संपलं तेव्हा मला जाणवत होतं की दोऱ्यांच्या टोकाला आता निराळा माणूस आहे.

आता माझं एक दुःख सांगतो. दोऱ्यांच्या टोकाला जे काय असतं ते सगळं मला वर कळतं. उडाणटप्पूलाही भीती वाटायची, वादळाआधीच्या वाऱ्यात. पण भीती दोन्ही हातांनी येते. माणूस घाबरला की दोन्ही मुठी आवळतो. कवळीवाल्याच्या उजव्या हातातून मला त्याची हिंमत कळायची, चूक कळायची, चूक दुरुस्त करायची धडपड कळायची. डाव्या हातातून महिन्यागणिक कमी कमी कळत होतं. घरातल्या एका खोलीत हळूहळू बोलणं बंद व्हावं तसं. ही भीती नाही, हे मला दुसऱ्या वर्षी पक्कं ठाऊक झालं होतं. पण मी पतंग. मला बोलायला तोंड नाही, आणि मास्तरणीचा आवाज फार मोठा होता.

दुसऱ्या वर्षी तो उभा राहिला. मोजून अकरा सेकंद. मास्तरणीने पाण्यात उडी मारून त्याला मिठी मारली. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती पडद्याला चुण्या घालत होती. अकरा म्हणजे किती, तिने विचारलं. त्याने बोळात उभं राहून मोठ्याने अकरापर्यंत आकडे मोजले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तसं बरंच की.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी पुढच्या खोलीत काहीतरी फुटलं. प्लास्टरचा जबडा त्याच्या डाव्या हातातून खाली पडला होता. दोन दिवसांनी दुसरा. मग त्याला शर्टाचं बटण लावता येईना. बायकोने त्याचा हात धरून उजेडात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता.

तपासण्यांना पाच आठवडे गेले. सुया टोचल्या, तारा लावल्या. शेवटच्या दिवशी दोघं घरी आले आणि बोळातच थांबले, जणू पुढे जावं की मागे हे ठरत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नसांचा आजार आहे. वर मेंदूतून निघालेला हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही, आणि हुकूम पोचला नाही की स्नायू वाळत जातात. एक हात, मग दुसरा, मग पाय, जीभ, शेवटी श्वास. यावर औषध नाही. किती दिवस, तेही सांगता येत नाही. पण फार नाहीत.

त्याने चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मग तो म्हणाला, “म्हणजे ती भीती नव्हती.”

“काय?”

“डावा हात. भीती नव्हती ती.”

हे सांगताना त्याचा आवाज हलका झाला होता. दवाखान्यात कोरड्या डोळ्यांनी सगळं ऐकून आलेली त्याची बायको तो आवाज ऐकून रडली. माझ्या पिशवीवर हात टेकून रडली.

मास्तरणीला कळलं तेव्हा ती घरी आली. एवढी मोठ्या आवाजाची मुलगी, पण स्टुलावर अंग चोरून बसली. समोरच्या फळीवरचा एक जबडा तिने उचलला, परत ठेवला. मी तुम्हाला इतक्या वेळा भित्रे म्हणाले, एवढंच शेवटी ती बोलली.

“भित्रा होतोच गं मी,” कवळीवाला म्हणाला. “गेल्या वर्षी संपलं ते. तू संपवलंस.”

मग त्याने तिच्याकडे आणखी एक दिवस मागितला. एकच. तिने आधी नकार दिला. बायकोही नको म्हणाली. पण ज्या माणसाने आयुष्यात काही मागितलं नाही, त्याला नाही म्हणायची या दोघींना सवय नव्हती. बायकोने जाड कापडाचा एक मोजा शिवला, त्यात त्याची डावी मूठ दांडीला अडकून राहावी म्हणून. किनाऱ्यावर मास्तरणीने तो पाहिला आणि परत केला. हात बांधून मी कुणालाही पाण्यात पाठवणार नाही, ती म्हणाली. सुटायची वेळ आली तर हात मोकळा हवा. बायकोने तिथेच वाळूत बसून मोजा उसवला आणि दांडीच्या डाव्या टोकाला जाड गुंडाळी शिवून दिली, बोटं वळत नसतील तर निदान तळहात तरी अडकावा म्हणून. त्या दिवशी ती पहिल्यांदाच किनाऱ्यावर आली होती. चपला हातात घेऊन उभी होती.

तो तीनदा पडला. तीन श्वास घेतले, पुन्हा दांडी धरली. चौथ्यांदा उठला आणि उभा राहिला.

मी एकवर होतो, वारा भरपूर होता, आणि आम्ही उजवीकडे निघालो. अकरा सेकंद झाले, वीस झाले. वाऱ्यावरून मला बायकोचा आवाज येत होता. ती आकडे मोजत होती, आधी हळू, मग मोठ्याने, आजूबाजूच्या माणसांची लाज न बाळगता. कवळीवाला गुडघे वाकवून, पाठ मागे टाकून, अगदी शिकवल्याप्रमाणे उभा होता. खाली पाणी मागे पळत होतं. त्याच्या उजव्या हातातून मला एवढा आनंद येत होता की माझं कापड फडफडायचं थांबून ताठ झालं.

एक्केचाळीसला समोर दगडी बांध दिसू लागला. आता वळायचं होतं. परत यायचं होतं. उजवीकडे जायला उजवा हात लागतो, परत येताना मला डावीकडे आणायचं तर डावा. त्याने सगळा जीव त्या हातात ओतला. मला कळलं ते. ओतला, आणि मनगटापर्यंत येऊन तो आटला. दोरीवर माशी बसावी एवढीच ओढ माझ्यापर्यंत आली. तेवढ्यावरसुद्धा मी जायला तयार होतो. बारापर्यंत आलो, क्षणभर तिथे थांबलो. त्याने उजव्या हाताने दांडी ढकलून पाहिली, पण तोवर उशीर झाला होता. वारा माझ्यासाठी थांबत नाही. मी उजवीकडे कललो आणि बांधाच्या दगडांवर जाऊन आपटलो. तीन ठिकाणी फाटलो.

त्याने उजव्या हाताने दांडी पट्ट्यातून सोडवली होती, म्हणून वाचला. मास्तरणीने त्याला ओढत काठाला आणलं. ज्या जागेवरून निघाला होता ती जागा पाव कोस मागे राहिली होती. बायको वाळूतून धावत आली तेव्हा त्याचे दात वाजत होते.

“परत नाही आलो,” तो म्हणाला.

तिने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल त्याला निघेना, तिने काढलं. “चला,” म्हणाली, “ओले आहात.” मग मला गुंडाळून तिने पाठीवर घेतलं आणि दोघं चालत निघाले. ती वाट त्याच्या इतक्या सवयीची होती, पण त्या दिवशी त्याला दोनदा बसावं लागलं.

पुढचा पंधरवडा ती पडद्यांची कामं बाजूला ठेवून मला शिवत होती. एवढं मोठं कापड मशीनखालून घ्यायचं म्हणजे तिचे खांदे भरून यायचे. कशाला शिवतेस, त्याने दारातून विचारलं. फाटकं ठेवत नाही मी घरात, ती म्हणाली. शिवून झाल्यावर मला पिशवीत घातलं आणि बोळात उभं केलं. मला पुन्हा वारा लागणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या खोलीतली मोटर आधी दुपारची थांबली, मग कायमची. कवळ्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. प्लास्टरचे जबडे खोक्यात भरले, टेबल हलवलं आणि तिथे पलंग आला. उजव्या हातानेही डाव्याचीच वाट धरली. मग पाय. मग बोलणं असं जड झालं की फक्त बायकोलाच कळे. माणसं भेटायला यायची, धीर सोडू नका म्हणायची, आणि बाहेर पडताना बोळात माझ्यापाशी थांबून डोळे पुसायची. धीर त्याने सोडलाच नव्हता. धीराचा आता उपयोग नव्हता, एवढंच.

आठवड्यातून दोनदा एक नर्स यायची. दिवसातून चार वेळा कूस बदलायला हवी, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं तिने सांगितलं होतं. पण बायकोची कंबर धरली होती. एकटीने त्याला हलवणं तिला जमेना. नर्स म्हणाली, अंगाखाली गुळगुळीत, मजबूत कापड घाला. माणूस उचलावा लागत नाही, कापड ओढलं की सरकतो. दुकानात मिळतं, नाहीतर घरात असेल ते नायलॉन चालेल.

नर्स गेली. बायको बोळात आली आणि मला उघडून आत घेऊन गेली. मी उघडलो तसा अर्ध्या खोलीवर पसरलो, पलंगावर, त्याच्या पायांवर. कात्री तिच्या हातात होती.

“अहो, कापू का?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने ओठ हलवले आणि ती कान लावून वाकली.

“मधलं घे,” तो म्हणाला. “तिथे शिवण नाही.”

जन्मभर दुसऱ्यांच्या हिरड्यांना टोचू नये म्हणून कवळ्या घासणारा माणूस तो. कुठली कड कुठे बोचते, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. कात्री चालली तेव्हा मला दुखलं नाही. तिला दुखत होतं; दर वितीला ती थांबत होती. माझी नळी आणि कापड ताठ धरणाऱ्या बरगड्या भंगारात गेल्या. दांडी मास्तरीण घेऊन गेली, शिकणाऱ्यांसाठी.

उरलो तो मी असा आहे, पलंगाएवढा चौकोन. चार वेळा ती माझ्या कडा धरते, पाय रोवते आणि ओढते, आणि तो माझ्यावरून सरकतो. आता त्याचं वजन काहीच राहिलेलं नाही. हातांतून मला काही कळत नाही, दोन्ही हात गप्प आहेत. पाठीतून श्वास कळतो. परवापर्यंत तो कमरेपर्यंत पोचत होता, आता खांद्यांपाशीच वळतो. हे बायकोला अजून माहीत नाही. सांगू कसं? पुन्हा एकदा मला ठाऊक आहे आणि पुन्हा मला तोंड नाही.

तुम्हाला तोंड आहे, हातही आहेत. कुणी शिकताना पडत असेल, पुन्हा पुन्हा त्याच बाजूला पडत असेल, तर त्याला भित्रा किंवा आळशी म्हणण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन पाहा. त्याने काही वाचेलच असं नाही. या घरात तर काहीच वाचलं नसतं, डॉक्टरांनीच सांगितलं तसं. पण जे दिवस एका माणसाने स्वतःची लाज वाटून घेण्यात घालवले, ते तरी त्याचे त्याला मिळाले असते.

बस, एवढंच. मागच्या खोलीतलं मशीन थांबलंय. ती येतेय. कूस बदलायची वेळ झाली.